पहिली जुनी इटालियन गाडी: इंजिन ऐकून भुललो, पत्रा बघायचा राहिला

नळेकौल (श्टुटगार्ट)
रविवार, रात्री १०:५२

गेल्या महिनाभरात तिघांनी व्यनि (खाजगी निरोप) करून एकच विचारलं: "जुनी अल्फा घ्यायचीय, काय बघू?" तिघांना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा धागाच काढतो. शहाणपणा शिकवायला नाही, मी कसा आपटलो ते सांगायला.

गाडी: अल्फा रोमिओ स्पायडर २०००, १९७४ ची. शेवाळी हिरवी. (लाल का नाही, हा प्रश्न विचारू नका, घरच्यांनी विचारून झालाय.)

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ही गाडी मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली आणि थोडेफार कपडे बदलत थेट १९९३ पर्यंत बनत राहिली. रचना पिनिनफारिना या गाड्यांचे आकार घडवणाऱ्या इटालियन कंपनीची. खुद्द बत्तिस्ता पिनिनफारिना ती आल्यावर महिन्याभरात वारले. पहिल्या गाड्यांची शेपटी गोल, निमुळती. इटालियन लोक तिला 'ओसो दी सेपिया' म्हणतात, म्हणजे चक्क आपला समुद्रफेस, किनाऱ्यावर सापडतो तो माकुलाचा सांगाडा. १९७० पासून शेपटी सुरीने कापल्यासारखी सरळ झाली, ती 'कोदा त्रोंका'. माझी ती. ८३ नंतर मागेपुढे काळं रबर आलं, ९० नंतर पॉवर स्टिअरिंग.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका दुपारी बोडेनसे सरोवराजवळच्या एका गावात गाडी बघायला गेलो. मालकाने किल्ली फिरवली, एका झटक्यात सुरू. १९६२ सीसी, सगळं ॲल्युमिनियमचं, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, बाजूला दोन जुळे कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे). त्या कार्बोरेटरांचा घसा खाकरल्यासारखा आवाज ऐकला आणि माझं डोकं बंद पडलं. बोनेटवर नुसता हात ठेवला असता तरी कळलं असतं की साहेबांनी मी यायच्या आधी गाडी तापवून ठेवली होती. हात ठेवला नाही. गालिचा उचलला नाही. खाली वाकून बघितलं तेव्हा तळ छान काळाभोर, ताजा डांबरासारखा लेप दिलेला दिसला आणि मला वाटलं, वा, किती काळजी घेतात! साडेसतरा हजार युरो मोजले.

ऑक्टोबरमध्ये पाऊस लागला आणि गाडीत एक वास यायला लागला. दापोलीला आमच्या घरी जुलैत माळ्यावर येतो तो. ओल्या गोणपाटाचा. माझा जन्म कोकणातला. घर कशाने पडतं हे मला कुणी सांगायला नको. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत उतरतं आणि वासा आतून कुजतो, वरून दिसत नाही. हे सगळं ठाऊक असून मी गाडीत कापराच्या वड्या ठेवल्या.

फेब्रुवारीत गाडी लिफ्टवर चढली. मेकॅनिकने दाराखालच्या उंबरठ्यावर स्क्रू ड्रायव्हरने टकटक केलं. टण, टण, टण, थप. 'थप' आलं तिथे त्याने जरा दाबला आणि स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढल्यावर पाणी आलं. थेंब नाही, धार.

या गाडीला छत नाही, म्हणजे सगळा भार तळ आणि दोन्ही बाजूंचे उंबरठे पेलतात. हा उंबरठा तीन पत्र्यांचा असतो: बाहेरचा, मधला, आतला. माझ्या गाडीत कुणीतरी कुजलेल्या तिन्हीवर नवा चौथा पत्रा झाकण म्हणून जोडला होता आणि वर तो काळा लेप. कापडी छत दुमडून जिथे बसतं तिथे सीटच्या मागे दोन कोपऱ्यांत पाणी जायला नळ्या आहेत, त्या पानांनी गच्च. पाणी मग वाट मिळेल तिकडे. दोन्ही बाजू कापून नव्याने जोडायला, तळाच्या दोन ठिगळांसह, ८,९०० युरो.

ज्या इंजिनावर भाळलो होतो, ते आजही उत्तम आहे. म्हणून पहिलंच आणि एकच सांगणं: पत्रा विकत घ्या. इंजिन नंतरही परत बांधता येतं.

बाकीचं विचाराल तसं लिहितो.

शंकासुर
रविवार, रात्री ११:३०

फोटू?

काळीपिवळी (कुर्ला)
सोमवार, सकाळी ७:१५

नळेकौल, कापराच्या वड्यांवर सकाळी सकाळी हसलो, माफ करा.

आमच्याकडे वडिलांची टॅक्सी होती, प्रीमियर पद्मिनी. म्हणजे मुळात फिएट ११००, कारखाना आमच्या कुर्ल्यातच. मुंबईत कुणी पद्मिनी म्हणायचं नाही, फिएटच. १०८९ सीसी. वडील रविवारी गाडीखाली झोपून एक एक जागा बोटाने वाजवायचे, कलिंगड वाजवतात तसं. पावसाळ्यानंतर पायाखालचं रबर काढून पत्रा उन्हात वाळवणं हा आमच्या घरी दसऱ्याचा विधी होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली तेव्हा पेपरवाले इंजिनाबद्दल लिहीत होते. वडील म्हणाले, इंजिनाला काय होतंय, पत्राच जायचा.

तुमच्या अल्फात ते चिनी मातीचे, टोकं निमुळती असलेले फ्यूज आहेत का? असतील तर एक घरगुती गोष्ट सांगतो.

नळेकौल
सोमवार, दुपारी १:०५

आहेत! सांगाच. माझा डावा इंडिकेटर मनाला येईल तेव्हा चालतो.

काळीपिवळी
सोमवार, दुपारी १:४०

फ्यूज उडालेला नसतो. तो जिथे पकडला जातो त्या पितळी पट्टीवर गंज धरतो. फ्यूज जागच्या जागी बोटाने चार वेळा गोल फिरवा, दिवा लागेल. तेवढ्याने भागलं नाही तर पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा, जरा आत दाबून घट्ट करा. आणि प्रत्येक दिव्याची अर्थिंगची वायर सोडवून खालचा रंग खरवडून परत आवळा. लोक इटालियन वायरिंगला नावं ठेवतात. दहातली आठ दुखणी अर्थिंगची.

हापूस_ते_हांबुर्ग
सोमवार, संध्याकाळी ६:२०

वाचतेय. मी त्या तिघांपैकी एक. शनिवारी एक बघायला चाललेय, १९७८ ची, कॅलिफोर्नियाहून परत आणलेली. विकणारा म्हणतो गंज शून्य. प्रत्यक्ष उभं राहिल्यावर कोणत्या क्रमाने बघू ते सांगाल का? मला गाड्यांमधलं "चालते आणि थांबते" एवढंच कळतं.

नळेकौल
सोमवार, रात्री १०:१५

ताई, फोनवर आधीच सांगा: मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्या गेल्या बोनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर चहा मागा आणि इंजिन थंड होईपर्यंत पत्रा बघा.

पत्र्यासाठी फ्रिजवरचा लोहचुंबक रुमालात गुंडाळून न्या. मागच्या चाकांच्या कमानी, दारांचा खालचा काठ, हेडलाइटच्या भोवती. चिकटला नाही तिथे पुट्टीचा थर आहे. डिकीतला गालिचा उचला, स्टेपनीचा खड्डा बघा. मग खरी परीक्षा: दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट बघून ठेवा, गाडी बाजूच्या जॅकच्या जागेवर उचलायला सांगा, परत बघा. फट बदलली, दार अडकायला लागलं, तर नमस्कार करून निघा. विकणारा जॅक लावू देत नसेल तरी नमस्कार करून निघा.

आता इंजिन. थंड असताना तेलाचं झाकण उघडा. आत पिवळट साय दिसली किंवा रेडिएटरमध्ये पाण्यावर तेलाचा तवंग असला तर हेड गॅस्केट गेली, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग. या इंजिनाचं ते जुनं दुखणं: ब्लॉकमधून हेडमध्ये तेल जातं तिथल्या छोट्या रबरी कड्या म्हाताऱ्या होतात. काम मोठं, पण ठाऊक असलेलं. किंमत पाडून घ्या.

चालवताना दुसरा गिअर. थंड असताना तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना 'खर्रर्र' येणारच, सगळ्याच बोंबलतात. तापल्यावरही येत असेल तर सिंक्रोची, म्हणजे गिअर अलगद जुळवणारी, कडी गेली. पाच गिअरची ही पेटी एरवी लोण्यासारखी आहे.

कॅलिफोर्नियाची गाडी म्हणजे पत्रा बहुधा चांगला पण उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला. आणि अमेरिकेतल्या गाड्यांना त्या काळात कार्बोरेटर नव्हते, स्पिका नावाचं यांत्रिक इंजेक्शन होतं. वाईट नाही. समजणारा माणूस आसपास आहे का ते मात्र आधी शोधा. चासिस नंबर इंजिनमागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो, कागदांशी ताडून बघा. नंबर दिलात तर मिलानजवळ आरेसेला अल्फाच्या संग्रहालयाचं दप्तर आहे, तिथून गाडी मुळात कधी आणि कोणत्या रंगात बनली याचा दाखला मिळतो.

मिशिगनची_मावशी
मंगळवार, पहाटे ५:०२ (भारतीय वेळ)

स्पिकाबद्दल नळेकौल बरोबर बोलताहेत. लोक घाबरून काढून फेकतात आणि त्याजागी कार्बोरेटर बसवतात. नीट लावलेलं असेल तर थंडीतही कुरकुर न करता सुरू होतं.

माझ्याकडे गेली अकरा वर्षं फिएट १२४ स्पायडर आहे, १९७९ ची. तीही पिनिनफारिनाचीच, ते मॉडेलही १९६६ मध्येच जन्मलेलं. अल्फापेक्षा स्वस्त मिळते आणि बहुतेक सगळ्या अमेरिकेतच विकल्या गेल्या, म्हणून सुटे भाग इकडे मुबलक. काळीपिवळींना गंमत वाटेल: तुमची ती प्रीमियर ११८ एनई आठवते? तिचा सांगाडा याच १२४ घराण्यातला, इंजिन तेवढं निसानचं. सासऱ्यांकडे होती. ते माझी गाडी बघून म्हणाले, "दिवे ओळखीचे नाहीत पण दाराचा आवाज ओळखीचा आहे."

१२४ घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. अल्फात टायमिंगची साखळी असते, फिएटच्या ट्विन कॅममध्ये दातेरी पट्टा. फेरारीहून आलेल्या लाम्प्रेदी या अभियंत्याचं इंजिन, सुंदरच आहे, पण पट्टा कधी बदलला याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. मी घरी आणली ती टो करून, आणि पहिला पट्टाच बदलला. नवरा म्हणाला, एक चक्कर तरी मार. नाही मारली.

शंकासुर
मंगळवार, सकाळी ९:१०

जळजळ झाली. पुण्याला आणता येईल का एखादी?

नळेकौल
मंगळवार, दुपारी १२:३०

आयात शुल्क आणि डाव्या हाताचं स्टिअरिंग. या दोन राक्षसांशी लढायची हौस आणि पैसा असेल तर बघा, मी तरी त्या वाटेला जाणार नाही. पुण्यात जुनी इटालियन हवी असेल तर काळीपिवळींना विचारा, चांगल्या पत्र्याची पद्मिनी शोधून देतील. खरंच सांगतोय, टोमणा नाही.

सौ_घरखर्च
मंगळवार, रात्री ९:४५

सगळे आवाजाबद्दल बोलताहेत. वर्षाला किती जातात ते लिहा.

नळेकौल
बुधवार, रात्री ११:२०

लिहितो. हे बायकोने वाचू नये.

जर्मनीत तीस वर्षांपुढच्या, मूळ रूप राखलेल्या गाडीला नंबर प्लेटच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं. मग इंजिन केवढंही असो, कर वर्षाला १९१ युरो ७३ सेंट, आणि शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात जायला मोकळीक. विमा जुन्या गाड्यांचा वेगळा, स्वस्त, पण रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे हे दाखवावं लागतं आणि गाडीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. मला दोनशे ऐंशी पडतो. गॅरेजचं भाडं महिना ८५. खरा खर्च हाच, हे आधी कुणी सांगत नाही.

तेल दर वर्षी, गाडी तीनशे किलोमीटर चालली असली तरी. खनिज तेल, २०डब्ल्यू५०. गिअरपेटीत जीएल-४ लिहिलेलंच, जीएल-५ नको. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. पेट्रोल मी सुपर प्लस टाकतो, कारण इथे दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या फुगवतं. नळ्या तशाही सगळ्या बदलल्या, साठ युरोंचं काम. गरम एक्झॉस्टशेजारी पेट्रोल ठिबकण्यापेक्षा स्वस्त.

सगळं धरून उंबरठ्याच्या आपत्तीशिवायचं वर्ष अडीच हजारांत बसतं, निम्मी कामं स्वतः केली तर. आता 'स्वतः' या शब्दाबद्दल.

इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यात एक जाड रबरी चकती असते. सगळे तिला 'ज्युबो' म्हणतात. पन्नास वर्षांच्या रबराला चिरा पडतातच. नवीन मागवली. तिच्याभोवती एक पत्र्याची पट्टी आवळलेली होती. मला वाटलं पॅकिंग आहे, कात्रीने कापून कचऱ्यात टाकली. रबर टुणकन फुललं आणि सहाही बोल्टांची भोकं दोन-तीन मिलिमीटर बाहेर गेली. ती पट्टी चकती दाबून धरायलाच असते. बोल्ट बसल्यावर कापायची! मग पाण्याच्या पाइपचे दोन क्लॅम्प एकमेकांना जोडून, पाठीवर झोपून, डोळ्यांत पन्नास वर्षांची माती घेत तीन तास ती चकती आवळत बसलो. चौथा बोल्ट बसला तेव्हा अंधार झाला होता.

त्यानंतर एक इटालियन आजोबा सापडले. तरुणपणी इकडच्या कारखान्यात कामाला आले, आता निवृत्त, मागच्या अंगणात चार अल्फा. त्यांचं जर्मन आणि माझं जर्मन सारखंच वाईट, त्यामुळे छान जमतं. कार्बोरेटर जुळवायला मी मोबाइलला जोडायचं यंत्र घेऊन गेलो होतो. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि हातभर रबरी नळी काढली. एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. पहिल्या घशाचा 'श्श' ऐकायचा, मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, चौथ्याचा. स्क्रू पाव वळसा. परत पहिला. तंबोरा लावतात तसं. नळी मला दिली. आधी मला चारही सारखेच वाटले. वीस मिनिटांनी तिसरा जरा ओढून श्वास घेतोय हे ऐकू आलं, आणि आजोबांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून नुसती मान हलवली.

त्यांचा एकच दंडक: सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं तीन हजार फेऱ्यांच्या वर जायचं नाही. पाण्याचा काटा लवकर चढतो, तेल मागाहून तापतं. हेड गॅस्केट ज्यांची जाते ती याच घाईने जाते, म्हणतात.

डिस्ट्रिब्युटर
गुरुवार, सकाळी ८:००

एवढा उपद्व्याप कशाला? पॉइंट (ठिणगीचा जुना यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावा, कार्बोरेटर काढून इंजेक्शन टाका, सुखाने चालवा. जुन्या वस्तूंची पूजा म्हणजे निव्वळ नॉस्टॅल्जिया.

काळीपिवळी
गुरुवार, सकाळी ८:२५

इग्निशनचं पटतं, झाकणाखाली लपतं आणि परतही फिरवता येतं. बाकीचं पटलं नाही. रस्त्यात बंद पडल्यावर पॉइंट काडेपेटीच्या पट्टीवर घासून वडील घरी आलेत. इंजेक्शनच्या डब्याला काय घासणार?

नळेकौल
गुरुवार, दुपारी १:१५

मीही इलेक्ट्रॉनिक लावलंय. पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत डब्यात आहेत. आजोबांना अजून सांगितलेलं नाही.

हापूस_ते_हांबुर्ग
शनिवार, संध्याकाळी ७:५०

आले बघून! बोनेट थंड होतं. लोहचुंबक सगळीकडे चिकटला, फक्त डाव्या मागच्या कमानीवर हातभर जागा सोडून. मालक म्हणाला तिथे पार्किंगमध्ये ठोकर बसली होती, फोटो दाखवले, खरे वाटले. जॅक लावला, फट जागची हलली नाही. दुसरा गिअर बोंबलला, पण तापल्यावर गप्प. आत डॅशबोर्ड वाळलेल्या तळ्यासारखा. सीटच्या मागे बोट घालून ते नळीचं भोक शोधलं तर तिथे कॅलिफोर्नियाची वाळू! मालकाला दाखवली, तो चाट. अडीच हजार कमी केले. पुढच्या आठवड्यात आणतेय.

मिशिगनची_मावशी
रविवार, पहाटे ४:३०

अभिनंदन! हिवाळ्याआधी एअर फिल्टरच्या डब्याचं तोंड जाळीने बंद कर. माझ्या गाडीत उंदराने सीटमधला काथ्या नेऊन तिथे संसार थाटला होता. वसंतात सुरू केली तर खोकला.

शंकासुर
रविवार, सकाळी १०:००

फोटू? आता दोघांचेही.

नळेकौल
रविवार, रात्री ९:४०

फोटो टाकतो, आज गाडी चिखलात आहे.

उंबरठे नवीन झाल्यावर पोकळीत गंज अडवणारी चरबी गरम करून फवारून घेतली, उन्हाळ्यात दाराखालून अजून थेंब थेंब गळते, गॅरेजचा मालक कुरकुरतो. नळ्या मात्र मी दर महिन्याला स्वतः बघतो. सायकलच्या ब्रेकची जुनी तार, टोक वाकवून गोल केलेलं, हळू फिरवत आत. मग तांब्याने पाणी ओतायचं आणि खाली वाकून बघायचं. डावीकडचं आज लगेच आलं. उजवीकडचं ओतून खाली बसलो, मनात सतरापर्यंत मोजलं तेव्हा आलं, आणि त्याबरोबर बर्चचं एक पान. अजून काहीतरी आत आहे. शनिवारी परत तार घालतो.